लोसे आंटीचा पिवळा गट

जहाजावरच्या आमच्या मुलांच्या क्लबात आधी वय विचारतात, नाव नंतर. जहाज ब्रिस्बेनच्या धक्क्यावरून सुटायच्या आधीच आईबाप पोरांना घेऊन आठव्या मजल्यावर येतात. मी जन्मतारीख बघते आणि मनगटाला पट्टा बांधते. तीन ते सहा हिरवा, सात ते दहा पिवळा, अकरा ते चौदा निळा. पट्टा बांधला की पोर त्या गटाचं. भावंडं असली तर एक सवलत आहे. मोठं भावंड एक गट खाली येऊ शकतं, धाकट्याला मात्र वर जाता येत नाही. हे ठरवायचं पहिल्याच संध्याकाळी. एकदा सही झाली की बंदर येवो नाहीतर वादळ येवो, परत येईपर्यंत बदल नाही. किती पोरांमागे किती माणसं ठेवायची ते त्या आकड्यांवर ठरतं.

पिवळा गट लोसे ताउफाचा. मी फिजीची, ती टोंगाची. नऊ वर्षं आम्ही दोघी जहाजाच्या पोटातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत राहिलो, तेव्हा तिच्याबद्दल बरंवाईट बोलायचा हक्क मला आहे. बाई उंच आणि रुंद. केसांचा अंबाडा इतका घट्ट बांधायची की भुवया वर ओढल्या जायच्या. तीस-चाळीस पोरांसमोर ती नुसती उभी राहिली तरी सगळी चिडीचूप. रविवारी सकाळी कामगारांच्या जेवणघरात ती प्रार्थनेचा सूर लावायची तेव्हा आचारी पातेली आपटायचं थांबवत. पण हट्टी! तिला एखादी गोष्ट योग्य वाटली की ती जगाला योग्य वाटलीच पाहिजे. रात्री दिवा कधी मालवायचा हेसुद्धा तिनं ठरवायचं आणि मी डोळे मिटायचे.

तिला एक भाऊ होता, सेमिसी, ऑकलंडला. तो बारा वर्षांचा झाला तेव्हा बापानं त्याची चटई काकांच्या घरी नेऊन टाकली. त्यानंतर बहीणभाऊ एका खोलीत बसून हसले नाहीत. तिच्यासमोर तो कधी चावट बोलला नाही, तिच्या अंथरुणावर टेकला नाही, आणि डोक्याला हात लावणं तर सोडाच. निरोप असला की तो बायकोकरवी यायचा. पण डुक्कर कापलं की पहिला वाटा लोसेचा, तिच्या पोरांचं लग्न म्हटलं की आहेरातली सर्वांत मोठी चटई सेमिसीची. टोंगात बहीण भावापेक्षा वरची. भाऊ लांब राहतो तो मानानं. आमच्या फिजीतही थोडंफार असंच आहे, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. हे सांगते, कारण पुढं जे झालं त्यात माझाही हात होता. पट्टा मीच बांधला.

तो बुधवार होता. दहा रात्रींची फेरी, नुमेया, लिफू, पोर्ट व्हिला करून परत. तूवूंबा गावच्या एक आजी आल्या, नोरीन नावाच्या. कंबरेचं दुखणं, काठी, आणि बरोबर दोन नातवंडं. डेक्लन अकराचा, टिली सातची. आजी अर्ज भरत होत्या तेवढ्यात डेक्लननं टिलीला जमिनीवर बसवलं, रबर दातांत धरला आणि तिची सुटलेली वेणी पुन्हा घालायला घेतली. पोराचे हात असे सराईत चालले होते की मी बघतच राहिले.

लोसेनं मला कोपरानं ढोसलं. ‘‘वासी, बघतेस ना? एवढा अकरा वर्षांचा घोडा, आणि बहिणीच्या डोक्याला हात लावतोय.’’

‘‘गोरी माणसं आहेत ती. त्यांच्यात चालतं,’’ मी म्हणाले.

‘‘चालतं म्हणून बरं असतं का?’’

मी जन्मतारखा बघितल्या. एक पिवळा, एक निळा. डेक्लन टेबलापाशी आला आणि म्हणाला, ‘‘मला खालच्या गटात घाला. टिलीबरोबर. असं करता येतं, मी वाचलंय.’’

‘‘अरे वा, वकील आलाय,’’ लोसे म्हणाली. ‘‘आणि निळ्या गटात काय वाईट आहे? तिथं तुझ्या वयाची पोरं आहेत, बास्केटबॉल आहे. इथं माझ्याकडे चिकटकाम आणि गाणी.’’

‘‘मला काम आहे.’’

‘‘सुट्टीत कसलं रे काम?’’

अकरा वर्षांचं पोर अनोळखी बाईला सगळं थोडंच सांगणार? त्यानं आजीकडे बघितलं. आजी म्हणाल्या, ‘‘वर्षभर तोच हिचं सगळं करतोय हो. ह्यांची आई गेली ना गेल्या जूनमध्ये. मला वाकता येत नाही. तुम्हाला पोरांचं कळतं, तुम्हीच सांगा काय करू.’’

लोसेनं आजींचा हात दोन्ही हातांत घेतला. अगदी मनापासून, आईच्या मायेनं ती म्हणाली, ‘‘आजी, ह्या मुलाला मुलगा होऊ द्या. बहिणीपासून जरा लांब राहिला तर भावाला मान येतो, बहिणीलाही येतो. टिलीला मी बघते. माझ्याकडे आहे ती, काळजी सोडा.’’

आजींचे डोळे भरून आले. कोणीतरी आपल्या खांद्यावरचा निर्णय उचलला ह्याचंच त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी सही केली. मी डेक्लनच्या मनगटाला निळा पट्टा बांधला. त्यानं हात मागे घेतला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

गुरुवार, शुक्रवार समुद्रातच गेले. टिली पिवळ्या गटात भिंतीला टेकून बसायची. रडायची नाही, भांडायची नाही. केस मात्र पिंजारलेले. शुक्रवारी लोसे फणी घेऊन तिच्याजवळ बसली तर तिनं डोकं बाजूला घेतलं.

‘‘ये गं, मी घालते छान वेणी.’’

‘‘नको. डेक्लन म्हणतो कुणाकडूनच घालून घ्यायची नाही. माझी मीच घालायची.’’

‘‘आणि डेक्लन स्वतः का नाही घालत?’’

‘‘तोपण नाही घालत आता,’’ टिली म्हणाली आणि नखं कुरतडायला लागली.

लोसे त्या संध्याकाळी खोलीत तणतणत आली. ‘‘बघ, मी म्हटलं नव्हतं? दूर केल्याचा राग काढतोय पोरीवर. तिला झिपरी ठेवून मला दाखवतोय. उद्या कान उपटते त्याचे.’’ मी म्हणाले, कान उपटणं कंपनीच्या नियमात बसत नाही. ती म्हणाली, तुझ्या कंपनीला सांग.

शनिवारी जहाज नुमेयाला लागलं होतं, निम्मी पोरं आईबापांबरोबर खाली उतरली होती. लोसे निळ्या गटाच्या दारात गेली, मी चावी द्यायला मागोमाग. आत चार-पाच मुलगे टेबल टेनिस खेळत होते आणि कोपऱ्याकडे बघून फिदीफिदी हसत होते. कोपऱ्यात डेक्लन. डोक्यावर टोपी, टोपीखाली मागच्या बाजूनं खोचलेल्या तीन लांब पट्ट्या, जुना टॉवेल फाडून केलेल्या. दोन्ही हात मानेमागे नेऊन तो त्या पट्ट्यांची वेणी घालत होता. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, ‘‘उजवी मधल्यावरून, डावी मधल्यावरून.’’

एक मुलगा ओरडला, ‘‘ए राजकन्ये, झाली का तयारी?’’ डेक्लननं ऐकलंच नाही.

कान उपटायला निघालेले लोसेचे हात तसेच राहिले. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. एवढी मोठी बाई, बसताना गुडघे कडाडले. ‘‘हे काय चाललंय रे?’’

डेक्लननं डोळे उघडले. ‘‘मला दुसऱ्याची येते. आपली आपण घालताना हात उलटे पडतात. आधी मला कळलं पाहिजे, मग मी तिला सांगणार.’’

‘‘पण घाई कसली?’’

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग खालच्या आवाजात सांगितलं. पुढच्या शनिवारी जहाज ब्रिस्बेनला लागलं की टिलीचे बाबा धक्क्यावर येणार. टिलीचे बाबा, त्याचे नव्हेत. त्याचे कोण ते कुणाला ठाऊक नाही. ते टिलीला पर्थला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला नेणार, कायमचं. आजींना दोघांचं होत नाही, आणि पर्थच्या माणसाला एकच पोर हवं होतं, त्याचं स्वतःचं. डेक्लनला आजींनी सांगितलं होतं, टिलीला अजून नाही.

‘‘त्यांना वेणी येत नाही,’’ डेक्लन म्हणाला. ‘‘मी फोनवर विचारलं. शाळेत केस मोकळे राहिले की उवा होतात, मग कापतात. आईला तिचे केस आवडायचे. म्हणून तिला यायला पाहिजे. खोलीत ती संध्याकाळी दमलेली असते, रडते, आणि आजी म्हणते, कशाला छळतोस, तूच घाल ना. म्हणून मला दिवसा तिच्याबरोबर राहायचं होतं. दहा दिवस पुरतील असं मी धरलं होतं.’’

ह्यात एक अक्षर तक्रारीचं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लोसे उठली ती थेट किर्स्टनच्या खोलीत. किर्स्टन आमची वरिष्ठ, ॲडलेडची, मनानं वाईट नाही पण नियम तिला पाठ. ती म्हणाली, ‘‘लोसे, आजीची सही आहे. आकडे वरच्या ऑफिसात गेलेत. एकासाठी बदललं तर उद्या शंभरजण दारात.’’

‘‘आजीची सही मी करवून घेतली,’’ लोसे म्हणाली. ‘‘मुलगा नियमाप्रमाणे मागत होता. त्याला नाही म्हणायचा मला अधिकार नव्हता. मी माझ्या घरची रीत त्याच्यावर लादली. चूक आपली असली तर पट्टा बदलता येतो ना, मग तसं लिही.’’

‘‘तुझ्या नावावर चूक लिहू? बढतीची जागा रिकामी होतेय, तुझं नाव वर गेलंय. हे लिहिलं तर विसर ती जागा.’’

‘‘लिही म्हणतेय ना!’’

‘‘मीपण होते तिथं,’’ मी म्हटलं. ‘‘पट्टा मी बांधला.’’

‘‘तू गप्प बस गं वासी. पट्टा बांधायचा पगार आहे तुला, शहाणपणाचा नाही.’’

किर्स्टननं लिहिलं. ती जागा लोसेला मिळाली नाही, पुढंही कधी मिळाली नाही. रविवारी सकाळी मी कात्रीनं डेक्लनचा निळा पट्टा कापला आणि पिवळा बांधला. सहा दिवस उरले होते.

पिवळ्या गटाच्या एका कोपऱ्यात लोसेनं त्या दोघांना जागा करून दिली. टिली बसायची, डेक्लन मागे गुडघ्यांवर. तो तिची बोटं धरून फिरवायचा, सोडून द्यायचा, पुन्हा धरायचा. बहिणीच्या डोक्यावर भावाचे हात लोसेला बघवत नसत. खरंच बघवत नसत, पन्नास वर्षांची सवय काय पट्ट्यासारखी कापता येते? म्हणून ती आपली खुर्ची त्यांच्याकडे पाठ करून ठेवायची आणि राखण केल्यासारखी बसायची. कुणी पोर चिडवायला तिकडे निघालं की नुसत्या नजरेनं परत.

मंगळवारी डेक्लन अडला. मानेच्या खाली वेणी आली की टिलीचे हात दुखायचे आणि पेड सुटायचे. तो लोसेकडे येऊन म्हणाला, ‘‘आंटी, लांब केसवाल्या बायका कसं करतात ते मला बघायचंय. मागून.’’

लोसेनं अंबाड्याला हात लावला आणि थांबली. टोंगात बाई केस मोकळे सोडते ते मयताला, आपल्याहून वरचं माणूस गेलं की. मला वाटलं, आता ती मलाच पुढे करणार. पण तिनं काटे काढले. केस कमरेच्या खाली आले, निम्मे पांढरे. नऊ वर्षं एका खोलीत राहून मी ते तसे बघितले नव्हते. ती त्या पोराकडे पाठ करून बसली आणि हळूहळू, एकेक पेड दाखवत, स्वतःची वेणी घातली. ‘‘दुखायला लागलं की मान मागे टाकायची. हात वर नाही न्यायचे, डोकं खाली न्यायचं. कळलं?’’

‘‘कळलं. पुन्हा एकदा?’’

तिनं चार वेळा घातली.

बुधवारी टिलीला मानेपर्यंत जमू लागली. ती आरशासमोर वळून वळून बघत होती आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसली. त्याच रात्री आजींनी तिला पर्थचं सांगितलं.

गुरुवारी टिली आली ती केस मोकळे सोडून. फणी तिनं खुर्चीखाली फेकली. डेक्लननं उचलून दिली, तिनं पुन्हा फेकली.

‘‘मी नाही शिकणार,’’ ती म्हणाली. ‘‘मला आलीच नाही तर त्यांना तुलापण न्यावं लागेल. वेणीसाठी.’’

आख्खा गट चिकटकाम करत होता, कात्र्यांचा आवाज तेवढा येत होता. डेक्लन तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या मनातही ते कधीतरी आलं असणार, नाहीतर एवढा वेळ कशाला लागला असता उत्तराला?

‘‘नाही नेणार, टिल्स,’’ तो म्हणाला. ‘‘केस कापतील फक्त.’’

मग ती रडली. लोसे उठली, पहिल्यांदाच त्या दोघांकडे तोंड करून बसली, आणि टिलीला मांडीवर घेतलं. दिवसभर ती मांडी मोडली नाही. त्या रात्री दिवा मालवल्यावर मला म्हणाली, ‘‘वासी, सेमिसी माझ्यापासून लांब राहिला, पण उद्या तो असणारच हे मला माहीत होतं. म्हणून लांब राहणं परवडलं. ह्या पोरांना काय परवडणार होतं? विचारायला तरी हवं होतं मी.’’ मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले तर म्हणाली, ‘‘झोप.’’

शुक्रवारी टिलीनं स्वतः फणी मागितली. पाच वेळा घातली, पाचही वेळा वेणी शेवटपर्यंत गेली. फक्त टोकाला रबर घालता येईना. एका हातानं टोक धरायचं, दुसऱ्यानं रबर तीनदा पिळायचा, तेही पाठीमागे. केस पुढं घेण्याएवढे लांब नाहीत. दरवेळी रबर उडायचा आणि वेणी खालून वर सुटत जायची. संध्याकाळी क्लब बंद करायची वेळ झाली तरी चाललंच होतं. किर्स्टन दारात येऊन उभी राहिली, घड्याळ बघितलं, आणि निघून गेली.

शनिवारी आजींची चाकाची खुर्ची ढकलायच्या निमित्तानं लोसे धक्क्यावरच्या दालनात आली, मी त्यांच्या बॅगा घेऊन. टिलीचे बाबा लवकरच येऊन उभे होते. खाणीत काम करणारा माणूस, उन्हानं रापलेला, नवा शर्ट घातलेला. टिली दिसल्यावर त्यांना हात कुठं ठेवावेत कळेना. दुष्ट माणूस मुळीच नव्हता. मला रागवायचं होतं त्याच्यावर, पण जमलं नाही.

टिलीचे केस मोकळे होते. डेक्लन म्हणाला, ‘‘दाखव त्यांना.’’

ती बॅगेवर बसली. मान मागे टाकली. उजवी मधल्यावरून, डावी मधल्यावरून. माणसांचे लोंढे बॅगा ओढत बाजूनं जात होते. वेणी वाकडी होती, पण वेणी होती. टोकाशी आल्यावर तिनं रबर काढला, पिळला, आणि तो उडून बाबांच्या बुटापाशी पडला. डेक्लनचा हात पुढं झाला. मग त्यानं तो मागे घेतला, दुसऱ्या हातानं मनगटाशी धरून ठेवला.

‘‘हे तुम्ही करायचं,’’ तो बाबांना म्हणाला. ‘‘तीन वेळा पिळायचा. ओढायचा नाही.’’

बाबा वाकले. एवढ्या जाड बोटांत तो रबर मावेना. तिसऱ्या प्रयत्नाला बसला. ‘‘दुखलं नाही ना गं?’’ त्यांनी विचारलं. टिलीनं नाही म्हणून मान हलवली. डेक्लननं तिच्या बॅगेची कडी बाबांच्या हातात दिली. बापलेक दारापर्यंत गेली, टिलीनं तीनदा वळून बघितलं, आणि ती गेली.

आजी खुर्चीत रुमाल तोंडाला लावून बसल्या होत्या. डेक्लन त्यांच्या काठीशी उभा. लोसे त्याच्यासमोर गेली. टोंगात मोठ्या माणसानं पोराची माफी मागायची पद्धत नाही, पण ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, ‘‘डेक्लन, चुकलं माझं. पहिल्याच दिवशी तुला पिवळा पट्टा द्यायला हवा होता.’’

पोरानं तिला सोडवायला खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. त्यानं नीट विचार केला, हिशेब तपासावा तसा.

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘ते तीन दिवस असते तर रबरपण आला असता तिला.’’